फोनच खराब आहे

या घरात एक नियम आहे. बाबांना ऐकू येत नाही, असं म्हणायचं नाही. फोन खराब आहे, असं म्हणायचं.

तो खराब फोन म्हणजे मी. एरवी मी दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडे पोचवतो. आज माझं स्वतःचं ऐकवतो. माझ्यात काडीचाही बिघाड नाही. स्पीकर ठणठणीत, माइक ठणठणीत, काचेवर साधा ओरखडासुद्धा नाही. पण ज्या घरात मोठी माणसं कधीच चुकत नाहीत, तिथे वस्तूंना चुकावं लागतं. ठेच लागली तर उंबरा चुकतो, चहा सांडला तर कप चुकतो. आणि बाबांना ऐकू आलं नाही तर मी चुकतो.

हा नियम आईने केला. तेव्हा बाबांची मुलगी शाळेत होती. तिने विचारलं होतं, "पण का म्हणायचं नाही?" आई म्हणाली, "का म्हणजे? म्हणायचं नाही म्हटलं ना, मग नाही म्हणायचं." झालं स्पष्टीकरण.

हे सगळं माझ्या आधीचं. मला ते जुन्या फोनने सांगितलं. तोही या घरात 'खराब' म्हणूनच बाद झाला होता. बाबांनी तो टाकून दिला आणि काकूने उचलला. आता काकू त्याच्यावरून तिच्या बहिणीशी तासन् तास गप्पा मारते, आवाज निम्म्यावर ठेवून. एकदाही "काय? काय म्हणालीस?" म्हणत नाही. आम्ही दोघे एकाच कप्प्यावर चार्जिंगला शेजारी शेजारी पडून असतो. खराब फोन बरा कसा झाला, हा प्रश्न घरात कोणालाच पडलेला नाही. मुलीला पडला होता. तिला सांगितलं, "तू जास्त शहाणपणा करू नकोस."

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पांढरेशुभ्र दिवे, हातमोजे घातलेल्या मुली, आणि धडधडणारी यंत्रं. त्या यंत्रांपाशी उभ्या असलेल्या प्रत्येकीच्या कानांवर जाड गाद्या होत्या. मला वाटलं, माणसांची रीतच असेल ही. यंत्र सुरू झालं की माणूस आधी कान झाकत असेल. किती भाबडा होतो मी!

दुकानात मला घ्यायला बाबा, काका आणि मुलगी असे तिघे आले होते. बाबांनी माझा कॅमेरा पाहिला नाही, रंग पाहिला नाही. एकच विचारलं, "आवाज किती आहे याचा?"

दुकानदाराने गाणं लावलं आणि आवाज शेवटपर्यंत नेला. समोरच्या दुकानातली माणसं वळून बघायला लागली.

"अजून नाही वाढत?" बाबांनी विचारलं.

दुकानदार स्वतःच्या कानावर हात ठेवून उभा होता. "साहेब, याच्यापुढे लाउडस्पीकर येतो."

"हल्लीच्या फोनांत दमच नाही," काका म्हणाले.

"दम फोनात आहे हो, काका," मुलगी म्हणाली. "दम दुसरीकडे कमी आहे."

"बोलल्या! बोलल्या वकीलबाई!" काका म्हणाले. तिने कायद्याचं पुस्तक कधी उघडलेलं नाही, शिकली ती विज्ञान. पण ती उलट प्रश्न विचारते, म्हणून ती घरात वकीलबाई. मोठ्यांनी प्रश्न विचारला की ती चौकशी असते, लहानांनी विचारला की वकिली.

घराच्या मागच्या बाजूला पत्र्याची एक शेड आहे. तिला सगळे कारखाना म्हणतात. तिथे रंगाच्या डब्यांची आणि पिंपांची झाकणं तयार होतात. पत्रा कापायचा, साच्यावर ठेवायचा आणि वरून प्रेस मारायचा. खटाक! त्या आवाजाने माझी काच थरथरते. बाबा मिसरूड फुटायच्या आधीपासून त्या आवाजात उभे आहेत. त्यांचे वडीलही तिथेच उभे होते. आजोबा शेवटी शेवटी कोणाशी बोलतच नसत. घरात सांगतात, "फार शांत होते हो." शांत नव्हते ते. त्यांच्यापर्यंत काही पोचतच नव्हतं. त्या काळात माझ्यासारखा नव्हता, म्हणून स्वभावावर ढकललं.

मुलीने कॉलेज संपल्यावर पहिल्या कमाईतून कान झाकायच्या गाद्यांच्या तीन जोड्या आणल्या. बाबांच्या, काकांच्या आणि काकूच्या हातात एकेक दिली.

"काय, विमान चालवायचंय?" काकांनी विचारलं.

"कान टिकवायचेत," ती म्हणाली.

"आमच्या बापाने कधी कापसाचा बोळा घातला नाही."

"म्हणूनच तर म्हणतेय."

तेवढ्यावर आईने तिला आत बोलावलं. काकूने दोन दिवस गाद्या लावल्या, पण काका तिला "वैमानिक" म्हणून हाका मारायला लागले, तेव्हा तिनेही काढून ठेवल्या. आता तिची जोडी खिळ्याला लटकते आणि आई तिच्या एका वाटीत कपडे वाळत घालायचे चिमटे ठेवते. मुलगी एकटीच कानात बोळे घालून कारखान्यात बसते. काका म्हणतात, "बरंय बाई, मोठ्यांचं ऐकायला नको!"

बाबा माणूस वाईट नाहीत. हे मला कडवट तोंडानेच सांगावं लागतंय, पण खरं आहे. मशीन बंद झाली की त्यांच्या कानात शिट्टी वाजत राहते. हे त्यांनी आईलाही सांगितलेलं नाही. मला ठाऊक आहे, कारण ते एकटे असले की कानात करंगळी घालून हलवतात, डोकं झटकतात, आणि मग मला उचलून पुटपुटतात, "लाव बाबा काहीतरी." इयरफोन कानात, गाणं सुरू, आवाज वर, वर, अगदी वर. शिट्टी झाकायला गाणं. म्हणजे जखम दिसू नये म्हणून तिच्यावर मीठ.

मी माझ्या परीने सांगतो हो. माझ्या काचेवर पाटी उमटते की इतक्या मोठ्या आवाजात बराच वेळ ऐकलं तर कानांना इजा होऊ शकते. खाली लिहिलेलं असतं, 'ठीक आहे'. बाबा वाचत नाहीत. अंगठा येतो आणि 'ठीक आहे' दाबून जातो. काय ठीक आहे? काही ठीक नाही! पण माझ्याकडे दुसरं बटणच नाही.

समोरासमोर बसलं की बाबांचं भागतं. ते माणसाच्या तोंडाकडे बघतात आणि ओठांवरून बोलणं ओळखतात. बोलणारा जरा वळला, तोंडावर हात आला की संपलं. मग ते "हो हो" म्हणतात. "हो हो" हा त्यांचा हुकमाचा एक्का आहे. आई विचारते, "मीठ कमी झालंय का?" हो हो. "जास्त झालंय?" हो हो.

पण फोनवर ओठ दिसत नाहीत. तिथे एक्का चालत नाही. रंगाच्या व्यापाऱ्याने पिंपांची मोठी झाकणं सांगितली, साठ. मी स्वच्छ पोचवलं, साठ. बाबांनी ऐकलं आठ. आठ झाकणं नीट कागदात बांधून पाठवून दिली. व्यापारी येऊन आरडाओरडा करून गेला. काका त्याला म्हणाले, "अहो, फोन खराब आहे दादाचा. रेंज जाते मधेच."

रेंज मधेच जाते आणि नेमका 'स' तेवढा घेऊन जाते. वा!

त्या दिवशी मुलीने आईला स्वयंपाकघरात गाठलं. "आई, बारीक, टोकदार अक्षरं आधी जातात. स जातो, थ जातो. आवाज येतो, पण शब्द कळत नाही. हे फोनचं नाही, कानांचं आहे. डॉक्टरकडे नेऊ या. कानात मशीन लावून ऐकू येतं लोकांना."

"हळू बोल!" आई म्हणाली.

"कोणासाठी हळू? त्यांना ऐकू येतंय का?"

आईने हातातला चमचा आपटला. "एकदा बोभाटा झाला ना, की कामं बंद होतात. कान गेलेल्या माणसाला कोण देणार काम? आणि त्यांना काय वाटेल? घरातला कर्ता माणूस, त्याच्या कानात यंत्र घालून बसवायचा?"

"डोळ्यावर चष्मा घालून बसलेत ते चालतं?"

"चष्म्याचं वेगळं असतं."

काय वेगळं असतं, ते आईने सांगितलं नाही. मोठी माणसं "वेगळं असतं" म्हणाली की समजावं, त्यांच्याकडे उत्तर नाही.

कारखान्यात सगळ्यात मोठं काम पिंपाच्या झाकणाचं. पत्रा एवढा मोठा असतो की दोन माणसं लागतात. एकाने पत्रा साच्यावर दोन्ही हातांनी सरळ धरायचा, दुसऱ्याने पायाखालचं पेडल मारायचं. धरणारा म्हणतो, "दाबा." दाबणारा दाबतो. पत्रा सरकला, हात अडकला, तर धरणारा म्हणतो, "थांबा." दाबा आणि थांबा, एवढीच त्या दोघांमधली भाषा. हाताला आडवी येणारी लोखंडी जाळी साच्यापुढे असते, पण काम भराभर व्हावं म्हणून काकांनी ती कधीच काढून टाकलेली. तेव्हा सगळा भरवसा त्या दोन शब्दांवर.

पत्रा काकू धरायची. पेडलवर बाबा. बाबा तिच्या तोंडाकडे बघून दाबायचे, आणि इतकी वर्षं निभावलं.

त्या दिवशी मी कारखान्यातल्या कप्प्यावर चार्जिंगला होतो. काच काळी, आवाज बंद, मेल्यासारखा पडलेलो. शेजारी टेबलाशी मुलगी तयार झाकणांच्या कडा तपासत बसली होती. मशीनची मोटर घरघरत होती. काकूने नवा पत्रा उचलला. त्याला तेल जरा जास्तच लागलं होतं. तो हातातून निसटला, एका बाजूने वर उठला आणि तिचा चेहरा त्याच्याआड गेला. तो सरळ करायला तिने हात आत घातला आणि ओरडली, "दादा, थांबा!"

मी ऐकलं. मुलीने बोळे घातलेल्या कानांनी ऐकलं. बाबांनी पेडल मारलं.

खटाक.

त्यानंतर कोण काय ओरडलं ते मी सांगत नाही. काकूच्या उजव्या हाताची दोन बोटं पहिल्या पेरापासून गेली. बाबा तिथेच खाली बसले आणि सारखं एकच म्हणत राहिले, "अगं, तूच दाबा म्हणालीस ना? दाबा म्हणालीस ना?"

दवाखान्यात नर्सने विचारलं, कसं झालं? काकांनी क्षणभरही विचार केला नाही. "ऐन वेळी फोन वाजला. लक्ष गेलं."

नर्सने मान हलवली. "फोनपायी किती हात-पाय येतात इथे, विचारू नका."

मला ते झोंबलं. कारण ती खोटं बोलत नव्हती. माझ्या जातीने पापं कमी केलेली नाहीत. बाबाच स्कूटरवर मला मानेत चिमटून बोलत जायचे. मुलगी मागे बसलेली असली की भर रस्त्यात उतरायची, "तुम्ही बोला, मी चालत येते," म्हणायची आणि घरी येऊन उर्मट ठरायची. त्या सगळ्याचा जाब मला विचारा. कानात मला कोंबून रस्ता ओलांडणाऱ्यांनो, शेजारच्यालाही ऐकू जाईल इतका आवाज ठेवून झोपणाऱ्यांनो, माझं चुकलं असेल तिथे मला बंद करा, कपाटात टाका. पण जे मी केलं नाही ते माझ्या नावावर घालू नका. फोनला शिक्षा केली म्हणजे कान परत येत नाहीत.

काकू घरी आली त्याच दिवशी दुपारी बाहेरच्या खोलीत सगळे बसले. मला आणून मधल्या स्टुलावर ठेवलं होतं. हाताला भलंमोठं बँडेज बांधलेली काकू भिंतीला टेकून बसली होती. बाबा खुर्चीत, खिडकीकडे पाठ करून. त्या दिवसापासून ते जेवलेही धड नव्हते.

काकांनी सुरुवात केली. "झालं ते झालं. आता कोणी विषय वाढवू नका. फोन वाजला, दादाचं लक्ष गेलं. आणि ही पण गडबडीत दाबा म्हणून गेली."

"मी थांबा म्हणाले," काकू म्हणाली.

"तुला काय आठवणार? तू शुद्धीवर तरी होतीस का?"

"त्याच्या आधी होते ना."

बाबांनी तिच्या ओठांकडे बघितलं आणि मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "नाही गं. मी माझ्या स्वतःच्या कानांनी ऐकलं. दाबा म्हणालीस. नाहीतर मी कशाला दाबेन?"

काकूने बँडेजकडे बघितलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "म्हणालेही असेन."

माझ्या अंगात रक्त नाही, पण असतं तर उसळलं असतं. एका बाईची बोटं घेतली ती घेतली, वर तिच्या तोंडून निघालेला शब्दही तिच्याकडून काढून घेतला. आणि याला या घरात विषय मिटवणं म्हणतात!

आईने सुस्कारा सोडला. "उद्या सकाळी काम सुरू करायला हवं. रंगवाल्याची झाकणं अडलीत. हिचा हात बरा होईपर्यंत पत्रा वकीलबाई धरेल."

"आणि फोन घरीच राहील," काका माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले. "उद्यापासून कारखान्यात फोन न्यायचाच नाही. शिस्त म्हणजे शिस्त. काय दादा?"

"हो हो," बाबा म्हणाले.

मुलगी दाराशी उभी होती. इतका वेळ तिने तोंड उघडलं नव्हतं, आणि तेच घरातल्यांना शहाणपण वाटत होतं. ती म्हणाली, "फोन वाजला नव्हता."

"तुला काय माहीत?"

"तो कप्प्यावर होता, माझ्या शेजारी, बंद. काकूने थांबा म्हटलं तेही मी ऐकलं. कानात बोळे होते तरी ऐकलं."

"हे बघ," आईचा आवाज चढला, "या घरात काही नियम आहेत."

"माहीत आहे. त्या नियमापायी दोन बोटं दवाखान्यात राहिली."

"जीभ सांभाळ!" काका उठलेच. ती त्यांच्यासमोरून सरळ चालत खिडकीपाशी गेली. आता ती बाबांच्या पाठीमागे होती. बाबांना वाटलं, रागावून खिडकीत जाऊन उभी राहिली. त्यांनी समोरचा चहाचा कप उचलला.

तिने ओरडून नाही, हळूही नाही, आपण खोलीतल्या माणसाशी बोलतो तशा आवाजात म्हटलं, "बाबा, थांबा."

बाबांनी मान न वळवता विचारलं, "काय दाबा?"

काकूने डावा हात तोंडावर घेतला. तिच्या घशातून एक विचित्र आवाज निघाला, हसण्याचा की रडण्याचा ते मला कळलं नाही. मी आयुष्यभर आवाजच वाहिले, पण तसला कधी वाहिला नव्हता.

"अगं, मागून बोललं तर कोणालाही..." काका सुरू झाले.

"काकूही पत्र्याआडूनच बोलली होती, काका. तुम्ही सांगा, मी आत्ता काय म्हणाले?"

काका परत खाली बसले. आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळायला घेतलं.

मुलगी पुढे आली आणि बाबांच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसली. उजेड आपल्या तोंडावर पडेल अशी. तिने त्यांच्या हातातला कप काढून खाली ठेवला. मग सावकाश, एकेक शब्द ओठांवर नीट दिसेल असं बोलली.

"बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही. काकू थांबाच म्हणाली होती. उद्या मी पत्रा धरणार नाही. तुम्ही पेडलवर असेपर्यंत मी कोणालाच धरू देणार नाही. आईलाही नाही, काकांनाही नाही. जाळी परत लावल्याशिवाय आणि तुमचे कान दाखवून आणल्याशिवाय ती मशीन मी सुरू होऊ देणार नाही. मला घराबाहेर काढायचं तर काढा."

बाबा तिच्या तोंडाकडे बघत होते. तिचं बोलून झालं तरी बघत होते. मग त्यांनी मान वळवून आईकडे पाहिलं. आईकडून काकांकडे. इतकी वर्षं अशा वेळी कोणीतरी चटकन काहीतरी म्हणायचं, आणि ते ओठांवरून वाचून बाबा सुटायचे. ते पुन्हा आईकडे वळले, जरा पुढे वाकले, आणि वाट बघत राहिले.

ओठ कोणाचेच हलत नव्हते.